टिलब्रुक, दोघं, चार रात्री

३ मार्च, शुक्रवार

एकट्या बायांनो, तुमच्यावर अन्याय होतो आहे!

गुरुवारचं ब्रिस्बेनचं भाषण असं सुरू करायचं. प्रवास एजंटांचा मेळावा आहे. सभागृहात निम्म्या एजंट एकट्या बायाच असतात, आणि मोठ्या हॉटेलांची माणसं पहिल्या रांगेत. म्हणजे ज्यांना टोचायला हवं त्यांना टोचेल.

मुद्दा साधा. चांगल्या हॉटेलचं बुकिंग आमच्यासारख्या, त्यांच्या यादीतल्या एजंटाकडून केलं, की भाडं हॉटेल सांगेल तेच, पण वर चार गोष्टी मिळतात. जागा असेल तर वरच्या दर्जाची खोली. खाण्यापिण्याला शंभर डॉलर. खोली सोडायला दुपारी चारपर्यंत मुभा. आणि रोज दोघांची न्याहारी. एकटी बाई भाडं पुरतं भरते, खाते एक न्याहारी. दुसरी कुठे जाते? हॉटेलच्या घशात.

नोएलीनला वाचून दाखवलं. अठरा वर्षं माझ्या समोरच्या टेबलावर बसते, तिला दुसरा इलाज नाही. म्हणाली, "ग्लेनिस, एका ऑम्लेटवरून तू सरकार पाडशील."

म्हटलं, पावावरून पडलेली आहेत. जरा इतिहास वाच.

६ मार्च, सोमवार

डाल्बीहून मर्ल टिलब्रुक आल्या. बसल्या, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "रद्द कर."

वाईट वाटलं. त्यांचा नवरा क्लॅरी आणि त्या, दोघांनी मिळून माझ्यासमोर हे हॉटेल निवडलं होतं. लग्नाला पन्नास वर्षं झाली म्हणून. सिडनी, बंदराकडची खोली, चार रात्री. क्लॅरीने जन्मभर पवनचक्क्या दुरुस्त केल्या. म्हणाला होता, एकदा तरी उंचावर नुसतं बसून बघायचंय, हातात पाना नको. मग त्याचं आजारपण. तारीख पुढे ढकलली. मग तो गेला. मर्ल म्हणाल्या राहू दे, नंतर बघू – पुन्हा ढकलली. आता वीस तारखेवर आली आहे.

"खोलीचं काही नाही गं," म्हणाल्या. "खोलीत मी बसेन. पण सकाळी त्या जेवणघरात, पांढऱ्या टेबलक्लॉथपाशी, एकटीने जाऊन बसायचं... तीस वर्षं शाळेचं कॅन्टीन चालवलं मी. उभ्याने खाल्लं. घरी बसले तर समोर क्लॅरी. एकटीने बसून खायची मला सवयच नाही."

हसले नाही. हसण्यासारखं नव्हतंच. सतरा तारखेपर्यंत फुकट रद्द होतं, तेव्हा घाई नको म्हटलं. बुकिंगचा कागद काढून समोर ठेवला, एकेक सवलत समजावली. त्या बराच वेळ कागदाकडे बघत होत्या. मी बोलत होते – अर्धा तास तरी. ताठ बसण्याचा हक्क, कुणाच्या बघण्याला न भिण्याचा हक्क. नोएलीन मध्येच चहा करायला उठली, म्हणजे फारच झालं असणार.

"विचार करते," म्हणाल्या आणि गेल्या.

७ मार्च

त्यांच्या मुलाचा, रॉडनीचा, फोन. स्वस्तातल्या एका साइटवर त्याच हॉटेलची छोटी खोली दिसते म्हणे, लिफ्टशेजारी. "आईला बंदर काय करायचंय? आणि तिला एक न्याहारी पुरते."

"रॉडनी, त्या साइटवर एकही नाही मिळत."

"मग ती टोस्ट खाईल बाहेर."

"तुझ्या आईने तीस वर्षं आख्ख्या गावाच्या पोरांना खाऊ घातलं. तुलासुद्धा. आणि ती टोस्ट खाईल?"

फोन त्याने ठेवला की मी, आठवत नाही.

९ मार्च

भाषण झालं. टाळ्या भरपूर. मागच्या रांगेतल्या दोघी उभ्या राहिल्या.

नंतर सिडनीच्या त्या हॉटेलची फिलिपा भेटली. गोड मुलगी, पण भिंत. "दुसरी न्याहारी ज्याचं नाव बुकिंगवर आहे त्यालाच, ग्लेनिस. नियम आहे." म्हणजे मर्लने तिथे कुणाला सोबत बसवायचं म्हटलं तरी नाही.

टाळ्यांनी नियम बदलत नाहीत.

१६ मार्च

मर्लचा फोन. "जाते." एवढंच.

माझ्या बोलण्याचा परिणाम! नोएलीनला तसं सांगितलंही. तिने लॅमिंग्टन केक आणले. तीन खाल्ले.

२० मार्च, सोमवार

मी गाढव आहे.

तीन वाजता नोएलीनने फाइल उघडली आणि हळूच म्हणाली, "ग्लेनिस, इकडे ये." टिलब्रुक, दोघं, चार रात्री. पाहुणा पहिला मर्ल, पाहुणा दुसरा क्लॅरन्स. दोनदा तारीख ढकलली, आत उघडून एकदाही पाहिलं नाही. तारीख बदलली की खालचं सगळं तसंच पुढे सरकतं, हे मी नव्या मुलींना शिकवते!

त्याखाली माझीच चिठ्ठी. आपला पाहुणा पोचण्याआधी आम्ही हॉटेलच्या व्यवस्थापकाला दोन ओळी लिहितो, आमचं माणूस आहे, नीट बघा म्हणून. लिहिलं होतं – क्लॅरीला कडक उशी लागते, जिंजर बियर बर्फासारखी गार लागते, आणि त्याला नावाने हाक मारा, फार खूश होतो.

हॉटेलला फोन केला. मर्ल दोनलाच पोचल्या होत्या. खोलीत गेल्या होत्या. त्यांचा मोबाइल बंद.

कुठल्याही पुस्तकात यावर उतारा नाही. पाचपर्यंत सात वेळा फोन लावला. मग नोएलीनने फोन काढून घेतला.

२१ मार्च

सकाळी नऊला मर्लचा फोन. मी उभीच राहिले.

आधी खोलीचं वर्णन. वरच्या मजल्यावरची दिली. टेबलावर जिंजर बियर, "इतकी गार की दात शिवशिवले." कार्डावर शाईने, श्री. आणि सौ. टिलब्रुक. पलंगाच्या डाव्या बाजूला कडक उशी. "त्याच्याच बाजूला ठेवली होती गं. त्यांना कसं कळलं?"

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी बोलू दिलं नाही.

सकाळी खाली गेल्या. दारातच पाय अडले. तेवढ्यात वाढणाऱ्या बाईने विचारलं, "मिस्टर टिलब्रुक येतायत ना?"

"मी म्हटलं, ते नाही यायचे, पण त्यांची न्याहारी वाया घालवू नका. बाजूला एकटी बाई होती, ब्रोकन हिलची. स्वस्तातलं बुकिंग, नुसती कॉफी घेऊन बसलेली. म्हटलं, या इकडे, आमच्याकडे एक जास्तीची आहे."

"आणि हॉटेलने चालवून घेतलं?"

"वाढणारी म्हणाली, न्याहारी बुकिंगवरच्या नावाचीच आहे, त्यांनी ती कुणाला दिली ते मी कशाला बघू. ग्लेनिस, ठेवते. अंडी गार होतायत."

२२ मार्च

फिलिपाचा निरोप: सौ. टिलब्रुक यांच्या टेबलाला आज तीन खुर्च्या लागल्या. नियमाबद्दल अवाक्षर नाही.

२४ मार्च

निघाल्या त्या चार वाजता. एक मिनिट आधी नाही. रॉडनी फोनवर म्हणाला, "काय केलंस तू माझ्या आईला? विमानतळावर तिने मला थांबायला लावलं, कुणाशी तरी बोलत होती."

२७ मार्च, सोमवार

मर्ल दुकानात आल्या. शेवटी एकदाची माफी मागितली – नाव माझ्या चुकीने राहिलं म्हणून.

"मला माहीत होतं," म्हणाल्या. "त्या दिवशी तू कागद समोर ठेवलास तेव्हाच पाहिलं. तू काय बोलत होतीस मला आठवत नाही, ग्लेनिस, मी त्याचं नाव वाचत होते. सांगितलं असतं तर तू लगेच काढलं असतंस. त्याचं नाव होतं म्हणून मी गेले."

मी त्यांची फाइल उघडली, दोन्ही नावं अजून तशीच होती.

"पुढच्या मार्चचं घे. तेच हॉटेल, चार रात्री." खुर्ची पुढे ओढली. "आणि आता एकच नाव लिही. त्याचं काढ. आत्ता, माझ्यासमोर."