कोरा फोन

प्रिय कुलूपराव,

आईने ठेवलेल्या टोपणनावानेच हाक मारतेय, कारण खऱ्या नावाने सुरुवात केली तर पुढे शिव्याच येतील. फोनवर तुझा आवाज ऐकला की माझं डोकं फिरतं, म्हणून हा कागद. हा तरी तुला तुझ्या खुर्चीत बसून पुसता येणार नाही.

माझं काय चुकलं, सांग. फोन हरवला की आधी आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना कळवा, हे तूच मीटिंगमध्ये सगळ्यांना बजावलंस. ऑफिसच्या मेलसाठी आमच्या स्वतःच्या फोनमध्ये तुझं ते ॲप घालायला लावलंस. वर छातीठोकपणे सांगितलंस, वेळ आलीच तर फक्त ऑफिसचं पुसू, तुमच्या खासगी गोष्टींना हात लावणार नाही. आमच्या खात्यातले सगळे कुरकुरले, तेव्हा धाकट्या भावाची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडले ती मी. ड्रायव्हर फोन हरवून आठवडाभर गप्प बसला, त्याचं काही बिघडलं नाही. मी मात्र शहाण्यासारखी धावत तुझ्याकडे आले. पुन्हा एकदा शोधावं म्हणून कॅन्टीनमध्ये जाते, तोवर तू बसल्या जागी बटण दाबून अख्खा फोन पुसून मोकळा! फोन ताटांच्या ढिगाआड सापडला, कोरा करकरीत.

फक्त ऑफिसचं पुसायची सोय होती, पण ती प्रत्येकाच्या फोनवर वेगळी लावावी लागते, तेवढी सवड मिळाली नाही, असं तू नंतर खाली मान घालून सांगितलंस. बॅकअपही तूच बंद करून ठेवलेला, ऑफिसची माहिती बाहेर जाईल म्हणे! अरे, मोठ्या साहेबांचा पासवर्ड त्यांच्या कीबोर्डखाली चिकटवलेला आहे, हे शिपायालाही ठाऊक आहे. तिथे बरा तुझा नियम शेपूट घालतो.

लहानपणी खेळण्यांच्या पेटीला कुलूप लावून किल्ली हरवायचास. आई हातोडीने ते फोडायची आणि वर तुलाच जवळ घ्यायची. तिने तुला लाडावून ठेवलं, हे माझं मत आजही कायम आहे.

ती गेल्यापासून बसची वाट बघताना मी रोज तिचा एखादा निरोप लावायचे. लिहायचा तिला कंटाळा, सगळं बोलूनच पाठवायची. गॅस बंद केलास का, शेजारणीने पातेलं अजून परत केलं नाही, असलंच काहीतरी. मधेच चष्मा शोधायला उठायची आणि रेकॉर्डिंग तसंच चालू. चपलांचा आवाज, कपाटाचं दार, पुटपुटणं. चष्मा डोक्यावरच सापडायचा आणि मग ती स्वतःलाच हसायची. ते हसणं तू पुसलंस. मला तुझा भयंकर राग आलाय आणि तो इतक्यात जाणार नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. ती तुलाही निरोप पाठवायची. तू ते ऐकतच नाहीस, अशी माझ्याकडे तक्रार करायची आणि मी म्हणायचे, कामात असेल गं तो. ते न ऐकलेले निरोप अजून तुझ्या फोनमध्ये असतील. त्या फोनमध्येही तुझंच ॲप आहे, विसरू नकोस. पत्र मिळताच तो घेऊन इकडे ये. माफी नको, नियम नकोत, तू एक शब्दही बोलू नकोस. तिलाच बोलू दे.

नाइलाजाने का होईना, तुझीच,
ताई