मशीन नको म्हणणारा कागद

१२ नोव्हेंबर २०२५
पौडला नलिनी वकीलबाईंकडे टायपिंगला लागून तीन वर्षं झाली. साठेखतं, कुलमुखत्यारपत्रं — बोटं आपोआप चालतात. आज थांबली. कासार आंबोलीचे हैबतराव आले. पंच्याहत्तरीचे, धडधाकट. सोबत बायको, सारजाबाई. म्हणाले, "मरताना मशीन लावायची न्हाई, आसा कागद करायचाय."

असा कागद असतो? बाई म्हणाल्या, असतो. सुप्रीम कोर्टानेच वाट करून दिलीये.

१३ नोव्हेंबर
डबा खाताना बाईंना भंडावून सोडलं. हे इच्छामरणच ना? — नाही. इंजेक्शन देऊन मारणं गुन्हाच. हा कागद एवढंच म्हणतो, की बरं व्हायची आशा संपली असेल तर नुसता श्वास लांबवू नका. पण आशा संपली हे कोण ठरवणार? आधी डॉक्टरांचं एक मंडळ, मग दुसरं. शिवाय कागदात नाव असलेल्या माणसांची संमती. शुद्धीत असेपर्यंत मत बदलताही येतं.

मशीन न लावणं आणि लावलेली काढणं, यात फरक आहे का? बाई म्हणाल्या, "कायद्याला नाही. काढा म्हणणाऱ्याला असतो."

१७ नोव्हेंबर
दोघं पुन्हा आली. हैबतरावांनी थोरल्या भावाचं सांगितलं. एकेचाळीस दिवस नळ्या. उपसून टाकील म्हणून हात बांधलेले. "डोळं उघडं हुतं त्याचं. काय म्हनत हुता, आमाला कळलंच न्हाई."

संमती देणाऱ्यांत मुलाचं, शेखरचं नाव घालू का, विचारलं.

"नगं. गावाला आमची जिमीन दिसती. त्यो व्हय म्हनला तर लोक म्हनतील, बापाला घाईनं घालवला."

मग सारजाबाईंचं घातलं. आणि एका भाच्याचं.

२१ नोव्हेंबर
सह्या झाल्या. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. सारजाबाई पेन धरून बसून राहिल्या. "मी सांगायचं व्हय, ह्यांची मशीन काढा म्हनून?"

"तूच," हैबतराव म्हणाले. "तू मला आडकवून ठिवायची न्हाईस."

सारजाबाईंनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली.

२२ नोव्हेंबर
स्वतःसाठी तसा कागद लिहून पाहिला. दुसऱ्याच ओळीला अडकले. आशा नाही म्हणजे किती नाही? शंभरात एक असली तर?

९ डिसेंबर
शेखरचा फोन. सारजाबाईंच्या मेंदूत रक्तस्राव झालाय. पाच दिवस व्हेंटिलेटरवर आहेत. आता काही उरलं नाही, असं डॉक्टर सांगतात.

"आईचाबी कागद केला हुता का? अण्णांनी सोताचा केला, पर हिची मशीन काढू देत न्हाईत. म्हनतात, तिनं कुटं सांगितलंय नगं म्हनून?"

नाही केला, म्हटलं.

तीनदा त्या आमच्या बाकावर बसून गेल्या. तुमचं काय, असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.