रहाटावरून दिसणारी शाळा

रविवार, २ नोव्हेंबर २०२५, पापडी

शिसारी आली! माझा धाकटा भाऊ रुडॉल्फ, निवृत्त लेफ्टनंट जनरल. सैन्यात त्याने जे केले त्याचा मला अभिमान आहे, तो मी कधी लपविला नाही. परंतु निवृत्तीनंतर त्याने नीतिशिक्षकाचा पेशा पत्करला. कंपन्यांचे साहेब, महाविद्यालये, आणि आता आपले गावही! आज माझी नात कॅरल हिने त्याचे भाषण मोबाइलवर लावले. "आजोबा, बघा ना, तुमचंच नाव घेतायत!"

तो सांगत होता: "माझ्या थोरल्या भावाने माझ्यासाठी चौथीत शाळा सोडली. बागेत रहाट हाकताना तो गात असे. याला म्हणतात त्याग." टाळ्या!

मी शाळा सोडली नाही. मला काढले! बागेचा गडी निघून गेला होता, पानवेली सुकत होत्या. बाबांनी माझी पाटी उचलून रुडॉल्फच्या हाती दिली आणि मला बैलामागे उभे केले. कोणी एका शब्दाने विचारले नाही. बैलाच्या डोळ्यांना झापड बांधीत असत. मला झापड नव्हती. रहाटावरून शाळेची वाट दिसत असे.

गाणे? कसले गाणे!

बुधवार, १२ नोव्हेंबर

रुडॉल्फ गाडी घेऊन आला.

"दादा, रविवारी हॉलमध्ये वर्ग आहे. तू मंचावर बसायचंस. शाल देणार आहेत."

"ती गोष्ट वगळ. ती खरी नाही."

"अरे, लोकांना तीच तर भिडते! सोडलीस काय, काढलं काय. शिकलो ना मी?"

हा नीतीचा शिक्षक!

तो गेल्यावर माझी बायको कार्मिन म्हणाली, "जा हो. धाकटा आहे. आणि शाल लोकरीची असली तर माझी." या घरात कोणालाही गांभीर्य नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर

ठरले. उद्या मंचावरून खरे तेच सांगणार. वाक्य पाठ केले आहे: "मी त्याग केला नाही, मला विचारलेच नव्हते."

रविवार, १६ नोव्हेंबर

हॉल भरला होता. शाळेच्या कॅथरिन बाईंनी सर्वांसमोर विचारले, "थॉमसकाका, शाळा सोडताना वाईट नाही वाटलं?"

मी उभा राहिलो. रुडॉल्फने माझ्याकडे पाहिले. छातीवर एवढी पदके, आणि डोळे मात्र बाबांनी वेताची छडी काढल्यावर व्हायचे तसे.

मी म्हणालो, "नाही. आनंदाने सोडली."

टाळ्या! नीतीच्या वर्गात उभे राहून खोटे बोललो. आता शिसारी माझीच येते. शाल कृत्रिम धाग्याची आहे.

सोमवार, १७ नोव्हेंबर

चर्चमध्ये कुमसारास, पापाची कबुली द्यायला गेलो. फादर म्हणाले, "भावाची लाज राखलीत."

"खोटे ते खोटे, फादर."

प्रायश्चित्त म्हणून 'नमो मरिया' ही प्रार्थना तीनदा म्हणायची. फार कमी!

गुरुवार, २० नोव्हेंबर

रुडॉल्फ पायी आला. बसला नाही. "दादा, तू गात नव्हतास. रडत होतास, पाटी मागत होतास. रात्री बाबांनी मला विचारलं, दादाला शाळेत परत पाठवू का? मी पाटी पोटाशी धरली आणि नाही म्हटलं."

म्हणजे विचारले होते. सहा वर्षांच्या पोराला!