दुसऱ्याच्या शेतातून

तीर्थस्वरूप रघुदादा,

परशुरामचा नमस्कार. (चार वर्षं आपलं बोलणं बंद आहे, पण तुळसा मागे उभी राहून बघतेय, म्हणून नमस्कार.) तू माझा नंबर ब्लॉक केलायस, तेव्हा हा कागद पोस्टाने येतोय, तो कसा ब्लॉक करतोस बघू. तुझा गुडघा काय म्हणतो? शेवंतीवहिनीची शुगर? आम्ही इकडे इंग्लंडात मयूरकडे मजेत आहोत. मजेत म्हणजे, माझा डावा बूट गेला आणि कंबर धरलीय, बाकी मजेत.

झालं काय, रविवारी मयूर म्हणाला, पप्पा, डोंगर चढायला जाऊ. आता डोंगर चढायचा तर वर देव पाहिजे की नको? देव नाही, तर निदान कांदाभजी तरी. मयूर सांगतो, वर एक दगडी खांब आहे, त्याला हात लावायचा आणि उतरायचं. एवढ्यासाठी इथले लोक दोन-दोन काठ्या, नकाशा आणि गळ्यात शिट्टी घेऊन निघतात! आपण येऊरला करवंदांसाठी स्लीपर घालून चढायचो ते आठवलं. कृतिका सूनबाईने मलाही नवे बूट घेतलेले, एकेक बूट नारळाएवढा जड.

पण मुद्दा डोंगराचा नाही. डोंगराकडे जायची वाट सरळ एका शेतकऱ्याच्या शेतातून! मधोमध! दगडी भिंतीला लाकडी पायऱ्या ठोकलेल्या, बाजूला 'सार्वजनिक पायवाट' अशी पाटी, आणि जो उठतो तो कुत्रं घेऊन, मालकाला न विचारता, तुडवत चाललाय. माझं तर डोकंच फिरलं. अरे, आपण बाळकुमचे जमीनवाले. वर टॉवर उठले तरी कुणाचा बांध कुठे होता ते झोपेत दाखवू. मी मयूरला म्हटलं, मी नाही बाबा दुसऱ्याच्या जागेतून जाणार, मालक माणसं घेऊन आला म्हणजे? तो म्हणाला, पप्पा, इथे कायदाच आहे, असली वाट मालकाला बंद करता येत नाही. म्हटलं, असला कायदा तुमच्याकडेच ठेवा. आणि मालकाचा मान राखत, भिंतीच्या कडेकडेने, मी एकटा लांबून निघालो.

वीस पावलांत गुडघ्यापर्यंत आत! वरून हिरवंगार गवत, खाली नुसता चिखल. खाडीच्या चिखलात निवट्या मासे पकडत वाढलेला माणूस मी, आणि फसलो कुठे, तर गोऱ्याच्या गवतात. सूनबाईने आधी व्हिडिओ काढला, मग मदतीसाठी ओरडली.

शेवटी मालकच आला, चार चाकांच्या मोटरसायकलवर बसून. सत्तरीचा म्हातारा. दोरी टाकून त्याने मला ओढून काढलं, बूट आतच राहिला. मग विचारलं, एवढी चांगली वाट असताना इकडे कशाला मरायला आलास? (मयूरने मला सभ्य शब्दांत सांगितलं, पण म्हाताऱ्याचं तोंड मी बघितलेलं.) मी म्हटलं, साहेब, तुमची जागा आहे म्हणून. आणि वर फुकटचा सल्लाही दिला: वाटेवर पत्रे ठोका, नटबोल्ट पक्के मारा, मी माझ्या गल्लीत ठोकलेत, चार वर्षांत माणूस फिरकला नाही.

वाटलं, खूश होईल. तर त्याने विचारलं, मग पलीकडचा माणूस जातो कुठून?

म्हटलं, टॉवरच्या पार्किंगला वळसा घालून, पंधरा मिनिटं. वय किती त्याचं? अडुसष्ट. तुझा कोण? चुलतभाऊ. भांडण कशावरून? आता हे इंग्रजीत कसं सांगायचं, की मयूरच्या हळदीच्या बॅनरवर तुझा फोटो माझ्यापेक्षा लहान आला, तू मांडवातून न जेवता उठलास आणि मी दुसऱ्याच दिवशी गल्ली बंद केली? मयूरने सांगायला घेतलं आणि 'बॅनर'पर्यंत येऊन थांबला. दादा, मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटली रे. रिक्षा दारात येत नाही म्हणून तू तो गुडघा घेऊन वळसा घालतोस, ते मी रोज गच्चीतून बघतो, आणि बघत बघत चहा पितो. म्हाताऱ्याने मग घरी नेऊन आम्हाला चहा पाजला. डोंगर राहूनच गेला.

असो. चूक तरी तुझीच होती, फोटो तूच पासपोर्टचा पाठवलेलास.

तुझा (नाइलाजाने) धाकटा भाऊ,
परशुराम

ता.क. : लिहायचं खरं कारण हे. आम्ही वीस तारखेला परत येतोय. त्याआधी तुझ्या पोराला, प्रितमला घेऊन ते पत्रे काढून टाक. मी काढले तर बाळकुमभर होईल की परशुराम वाकला. तू काढलेस तर मी आल्यावर दोन दिवस शिव्या देईन, तूही दे, मग लोकच कंटाळतील. बोल्ट गंजले असतील, मोठा पाना घे.

ता.क. २ : शिव्यांमध्ये आजोबांना आणू नकोस, ते सामाईक आहेत.

ता.क. ३ : (हे अक्षर तुळसाचं.) भाऊजी, हे आंघोळीला गेलेत म्हणून पटकन लिहिते. पाना-बिना शोधू नका. खालचे बोल्ट जाऊबाईंनी आणि मी पहिल्याच आठवड्यात काढलेत, पत्रा बाजूला सरकवला की झालं. जाऊबाई रोज तिथूनच येतात. चार वर्षं पार्किंगला वळसा तुम्ही एकटेच घालताय.