संक्षेपाच्या स्तुतीत पाऊण तास

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा नमस्कार खुर्चीतूनच, पण भाव आडवा पडलेला आहे असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी दाढ काढून घेतली, की ते अजून तिला मुदतवाढ देत आहेत? आम्ही इकडे सुखरूप. तुझी लेकही खुशाल आहे. वेळेवर जेवते, वेळेवर कामावर जाते, फक्त माझ्याशी बोलत नाही. जेवायला समोरच बसते आणि म्हणते, "मामी, मामाला मीठ हवंय का विचार." मी हवंय म्हणतो, तर ती मामीच्या तोंडाकडे बघते. मामी म्हणते, "हवंय म्हणतायत." मग मीठ येतं. तिची बाजू तुझ्या कानावर जाण्याआधी माझी जावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

संगणकाविषयीची माझी मतं तुला तोंडपाठ आहेत. (दोनदा तू सभागृहात होतीस, एकदा स्वयंपाकघरात सापडलीस.) यंत्र जितकं फुगतं तितका माणूस आटतो, हे मी वीस वर्षं टेबलावर मूठ आपटून सांगत आलो, आणि आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही. मागच्या वर्षी घेतलेला फोन यंदा म्हणतो, जागा भरली. कशानं भरली? मी तर त्यात काही ठेवलेलं नाही! तर अशा माझ्याच घरी राहून तुझी लेक रविवारी कुठे जाते, याची मी कधी चौकशी केली नव्हती. ती जाते वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. तिथे पंचवीसेक माणसं जमतात, आणि त्यांचे अध्यक्ष पेशानं दातांचे डॉक्टर आहेत. ही मंडळी चाळीस वर्षांपूर्वीचा एक संगणक जिवापाड सांभाळतात आणि वर्षातून एकदा त्याच्यावर स्पर्धा घेतात. अट एकच. संगणकाला द्यायचा अख्खा हुकूमनामा दोनशे छप्पन बाइटमध्ये बसला पाहिजे. बाइट म्हणजे एक घर, ताई. एका घरात इंग्रजीचं एक अक्षर राहतं. या पत्राचा पहिला परिच्छेद त्यात मावणार नाही. अर्धाही नाही.

तुझी लेक दीड वर्षं असल्या एका रचनेवर बसली होती. त्यातले शेवटचे तीन महिने ती एका घराच्या शोधात होती, कारण तिची रचना दोनशे सत्तावन्न भरत होती. एका सकाळी दात घासता घासता ती तोंडात फेस घेऊनच बाहेर आली आणि मामीला मिठी मारून नाचली. आम्हाला वाटलं लग्न ठरलं. कळलं ते असं, की एक घर वाचलं. मी हसलो. (ही नोंद तिनं ठेवली आहे असं आता समजतं.)

स्पर्धेच्या आदल्या दिवशी त्यांचे ठरलेले पाहुणे आजारी पडले आणि डॉक्टरांनी माझं नाव काढलं. तुझी लेक माझ्यापुढे हात जोडून उभी राहिली. "मामा, दोन मिनिटं. नुसतं 'सुरू करा' म्हण आणि बस. माझा नंबर शेवटचा आहे आणि हॉल सहाला बंद होतो." मी शब्द दिला. ताई, मी खरोखर दोन मिनिटांचंच भाषण नेलं होतं, आणि तेही निषेधाचं.

पण भाषणाआधी त्यांनी नमुना म्हणून गेल्या वर्षीची एक रचना दाखवली. डॉक्टरांनी एक कळ दाबली. काळ्या पडद्यावर आधी एक ठिपका, मग रेघ, मग डोंगर. डोंगरामागे डोंगर, त्यांच्यावर सरकणारं ऊन, आणि आपण त्यांच्यामधून उडत चाललेलो. खाली दरी, आणि सोबत संगीत. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. एवढे डोंगर त्या इवल्याशा जागेत ठेवले कुठे, असं शेजारी विचारलं. तुझी लेक कुजबुजली, "मामा, यात डोंगर नाहीयेत. डोंगर कसा करायचा, तेवढंच आहे." मी म्हटलं, आणि संगीत? तर म्हणाली, "त्याला वेगळी जागा कुठून आणणार? जी अक्षरं डोंगर काढतात तीच परत सूर म्हणून वाचायची." ताई, माझ्या अंगावर काटा आला. आयुष्यभर मी एका अर्थामागे दहा शब्द पाठवले, आणि इथे एकच अक्षर एकदा पहाड होत होतं आणि एकदा सूर! विश्वाची उत्पत्ती, बीज आणि वृक्ष, यावर मी कपाटभर वाचलं आहे. ते सगळं समोरच्या टेबलावर एका उघड्या डब्यात चाललं होतं.

अशा वेळी दोन मिनिटांचा निषेध खिशातून काढणारा माणूस वक्ता नव्हे, कारकून. मी कागद खिशातच ठेवला आणि संक्षेप या विषयावर बोलायला उभा राहिलो. आता संक्षेपाची महती समजावून द्यायची तर जरा वेळ लागतो, हे कोणीही मान्य करील. मला पाऊण तास लागला.

त्यातली एक बारीकशी गोष्ट तुझ्या कानावर येईल, ती मीच सांगतो. संगणकाचं झाकण काढून ठेवलेलं होतं आणि मागे एक टेबलफॅन घरघरत होता. तो माझे विराम खात होता. तुला माझे विराम माहीत आहेत. शब्द काय, कोणीही बोलतं, सभा जिंकायची ती विरामात. 'आणि मग... काय उरतं?' असं विचारून मी थांबलो, आणि त्या शांततेत घर्रर्र. तेव्हा मी जरा नाट्यमय हात फिरवून फॅनचं बटण बंद केलं. सभा एकदम ताठ झाली. मला वाटलं, पकडली! डॉक्टर दोनदा उठले. मी त्यांना म्हटलं, बसा डॉक्टर, दाद बसूनही देता येते. तिसऱ्या रांगेतून तुझी लेक दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, मामाच्या वाणीनं पोर भारावली. मी आणखी दहा मिनिटं वाढवली.

पुढचं थोडक्यात सांगतो. (हस नको.) पहिल्या स्पर्धकाची रचना सुरू झाली, पडद्यावर दोन रंग आले आणि तिथेच थिजले. डॉक्टरांनी यंत्रात बोट घातलं आणि भाजल्यासारखं बाहेर काढलं. "तापलंय," म्हणाले. पंचवीस माना आधी फॅनकडे वळल्या आणि मग माझ्याकडे. तुझी लेक म्हणाली, "मामा, फॅन का बंद केलास?" मी म्हटलं, विरामासाठी. तिनं फॅन पुन्हा लावला, दोन वह्या उचलल्या आणि यंत्राला वारा घालायला लागली. मग सगळेच लागले, खुर्च्यांवरच्या उशा, फाइली, कुणी टोपी घेऊन, जणू कुणाला घेरी आली आहे. मीही माझी शाल घेऊन पुढे झालो, तर डॉक्टर म्हणाले, "आपण राहू द्या." अशा आवाजात मला आजवर कोणी काही राहू द्यायला सांगितलेलं नाही.

यंत्र निवलं, एकेकाची रचना झाली, आणि तिचं नाव पुकारायच्या वेळी दारात रखवालदार उभा, बोटात किल्ल्या. सहा वाजले होते. डॉक्टर काकुळतीला आले. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम. तेव्हा तुझी लेक माझ्याशी जे शेवटचं वाक्य बोलली (त्याला आता आठवडा झाला), ते हे. "मामा, आता बोल. हवं तितका वेळ बोल. पण बाहेर."

मी रखवालदाराला खांद्याला धरून जिन्यात नेलं आणि दार ओढून घेतलं. जिना अरुंद, श्रोता एक. पण मी कसर ठेवली नाही. नियम आणि न्याय यांतला भेद, काळाची संकल्पना, वाचनालयं जाळणारे राजे, सगळं आलं. तो पायरीवर बसला. मध्येच म्हणाला, "साहेब, मुद्दा काय?" मी म्हटलं, येतोय त्याच्याकडे. आतून संगीत ऐकू यायला लागलं. थोड्या वेळानं तो पुन्हा म्हणाला, "पण साहेब, मुद्दा?" आतलं संगीत थांबलं. इतकी शांतता पसरली की माझं वाक्य तुटलं, आणि मी म्हणून गेलो, अरे बाबा, आत माझ्या भाचीची दीड वर्षांची मेहनत चालू आहे, दहा मिनिटं दे. तो उठलाच. "मग हे आधी सांगायचं ना! मीही बघितलं असतं की." आम्ही दोघांनी दार ढकललं तेव्हा पडदा काळा होता आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

पहिला नंबर आला, ताई. अभिनंदन. आणि ती रचना मी पाहिलीच नाही. डॉक्टरांना विचारलं, काय होतं? ते चष्मा पुसत म्हणाले, "सांगता येत नाही हो." दुसऱ्यांना विचारलं, तर तेही तेच. मला सांगता येत नाही असं काही असतं, हे मी मानत नाही. पण पंचवीस माणसं खोटं कशाला बोलतील?

घरी तिच्या यंत्रावर ते सगळं आहे, आणि ती दाखवत नाही. मामीकरवी निरोप आला, की मामानं अर्ज करावा, दोनशे छप्पन बाइटच्या आत. मी बोटं मोजून बरोबर दोनशे छप्पन अक्षरांचा अर्ज केला. तो परत आला, तिपटीच्याही वर गेला म्हणून! आपलं एक अक्षर यंत्रात तीन घरं अडवतं म्हणे, आणि काना, मात्रा, वेलांटी यांचं भाडं वेगळं! ताई, हा आपल्या लिपीवर अन्याय आहे, यावर मी सभा घेणार आहे, आणि हेच मी दुसऱ्या अर्जात सविस्तर लिहिलं. तोही परत आला. तिसऱ्याची प्रस्तावनाच आठशे भरली.

मुलांना आशीर्वाद. दाजींना सांग, दाढ काढताना बोलू नये.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं काम राहिलंच. लहानपणी माझे निबंध कापून तूच छोटे करायचीस. हे पत्र कापून दोनशे छप्पन बाइटचं कर आणि तिला पाठव. काय ठेवायचं ते तू ठरव. शक्यतो संक्षेपावरचा भाग ठेव.

ता. क. २. पाकीट पुन्हा उघडलं आहे. वरचं काही करू नकोस. आज सकाळी चिठ्ठीवर 'चुकलो. दाखव.' एवढंच लिहून तिच्या दाराखालून सरकवलं. ती बाहेर आली आणि म्हणाली, "तीस. दोनशे सव्वीस उरले, मामा. त्यांत काय घालणार?" मी म्हटलं, राहू देत. तिनं पडदा माझ्याकडे वळवला.

ता. क. ३. तुला मामीचा फोन येईल, की मी सकाळपासून बोलत नाही, कपाळ गार आहे, आणि डॉक्टरांना (दातांच्या नव्हे) बोलावलं आहे. घाबरू नकोस. प्रकृती उत्तम आहे. मी ते चौथ्यांदा बघतो आहे.