टेकवलेली भिंत

तेलीबाग, लखनऊ
२८ एप्रिल २०१५

चि. बेबीस,
जय भीम आणि दादाचे अनेक आशीर्वाद.

शनिवारी ताटातलं वरण आपोआप हिंदकळलं. धरणी हलली नेपाळात आणि एवढ्या लांब माझ्या घराला कळलं! कुणाला खरचटलं नाही. पण सुगतची खोली जुन्या घरापासून सुटली. फटीत बोट जातं. मी वर कॅलेंडर टांगलं. सूनबाईनं, रूपालीनं, ते उचलून पाहिलं आणि बाळाला घेऊन निशातगंजला बहिणीकडे गेली. सुगत म्हणतो, पापा, मकान बेच देते हैं. एकेक वीट या हातांनी लावली गं.

तुझ्या पत्राच्या वाटेवर,
भाऊराव

औसा
११ मे २०१५

ती. दादास,
सविनय जय भीम. वि. वि.

कॅलेंडर कशाला? भूकंपाला पुढची तारीख दाखवायला? त्र्याण्णव साली आमच्याकडे दोन-दोन हात रुंद भिंती पडल्या. आतला दगड वेगळा, बाहेरचा वेगळा. एकमेकांना धरून कुणीच नव्हतं. खरं सांग, नवी खोली जोडताना जुन्या भिंतीत विटा गुंफल्यास की नुसतीच टेकवलीस? जे असेल ते सुगतला सांग.

रागावू नकोस, माया राहू दे.
तुझी बेबी

तेलीबाग
२० डिसेंबर २०१५

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद, जय भीम.

नुसती टेकवली होती. पगार वाढला की एक खोली, असं घर वाढवलं. जुनी भिंत फोडायला जीव धजला नाही. सुगतला सांगताना मान खाली गेली. दुसऱ्या दिवशी तो प्रणिता नावाच्या इंजिनीअर मुलीला घेऊन आला. तिनं मला नव्या भिंतीवर तळवा ठेवायला लावला आणि सुगतला जुनीवर हातोडा मारायला. मला काहीच जाणवलं नाही.

मग कोपरे खणले. घराच्या पायात काँक्रीट भरून सळया रोवल्या, छतापर्यंत नेल्या. खिडक्यांच्या वर घरभर लोखंडी जाळीचा पट्टा, आतून नि बाहेरून. भिंतीला भोकं पाडून दोन्ही पट्टे तारेनं गोधडीसारखे शिवले, वर सिमेंट. प्रणिता म्हणते, घर हलेल, पण सगळं मिळून हलेल.

परवा सुगतनं जुन्या भिंतीवर पुन्हा ठोकलं. बेबी, ठोका माझ्या कोपरापर्यंत आला! तीस वर्षं राहिलो इथे, पण या घराच्या अंगातून असं काही जाताना प्रथमच कळलं. मी हात काढलाच नाही.

रूपाली बाळाला घेऊन दारात उभी होती. चपला काढून आत आली, बाळाला माझ्याकडे दिलं आणि हातोडा मागून घेतला. तीनदा स्वतः मारून पाहिलं. तिसऱ्या ठोक्याला बाळानं माझ्यासारखाच भिंतीवर ठेवलेला हात मागे घेतला, अन् पुन्हा ठेवला. मग ती सुगतला म्हणाली, निशातगंज से सामान ले आइए.

अशीच कान धरत राहा.
तुझा दादा