करुणाचा कँडिड फोटो

४ जानेवारी
कॉलेज सोडलं. सरांशी भांडण झालं म्हणून नव्हे, आतून वाटलं म्हणून. वडील, म्हणजे आबा, बोलत नाहीत. आजपासून स्ट्रीट फोटोग्राफी. पोज नाही, सगळं कँडिड. डोकं शांत ठेवायचं.

६ जानेवारी
इंदापूरचा बाजार. कॅमेरा दिसताच चहावाले गेणबा टोपी सारखी करून ताठ. म्हटलं, नेहमीसारखं राहा. म्हणाले, थांब मग, दाढी करून येतो. डोकं शांत राहिलं नाही. चहा मिळाला नाही.

११ जानेवारी, संध्याकाळ
बारामती स्टँड. गावाकडची, निरवांगीची गाडी चुकली, बरंच झालं. समोर करुणा! कॉलेजातली, कळस गावची. पहिल्या वर्षापासून हिच्यासाठी झुरतोय, तिला पत्ता नाही. उसाची ट्रॉली चिखलात रुतलेली, ड्रायव्हर ट्रॅक्टरलाच शिव्या देतोय, आणि ही ओढणी तोंडाला लावून हसतेय. तिरपं ऊन. क्लिक. नुसतं बघितलेलं आपल्या हातात उतरलं! अंगावर काटा. जेवण नको, झोप नको, हेच करावं.
तिनं पाहिलं. न विचारता काढतोस? डिलीट कर आधी. मग फोटो बघितला. बघतच राहिली. म्हणाली, राहू दे, मला पाठव.
प्रेम पोचलं.

१४ जानेवारी
तिचा मेसेज. फोटो घरी सगळ्यांना आवडला, आईनं मामांना पण पाठवला. थेट मामांपर्यंत! आबांना सांगायची हिंमत गोळा करतोय.

२० जानेवारी
तिच्या आईचा, कुशाबाईंचा फोन. सुयश, तूच काढला व्हय रं? आता एक उभा काढ, उंची दिसली पायजे. मी तडकलो. म्हटलं, मी स्टुडिओवाला न्हाय. त्या म्हणाल्या, आरं, करुणाच म्हणली, सुयशलाच बोलवा.
सुयशलाच! कळसला गेलो. भिंतीपुढं उभी करून काढला. कलेत तडजोड, पण सासूबाईंसाठी.

८ फेब्रुवारी
साखरपुडा होता. तिचा. मुलगा पुण्यात नोकरीला. बायोडाटासोबत मी काढलेले तिचे दोन्ही फोटो गेले होते. स्टँडवरचा बघूनच त्यांचा होकार आला, असं कुशाबाई येईल त्याला सांगत होत्या. करुणा म्हणाली, सुयशदादा, तुझ्यामुळं जमलं बघ.
दादा.
फोटो मीच काढले. सगळे रांगेत, श्वास रोखून. मधेच तो तिच्या कानात काहीतरी बोलला, ती हसली. माझ्या बोटानं बटण आपोआप दाबलं गेलं. फोकस अचूक. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो.
डिलीट करायला घेतला. होत नाही.